वळवलेली तार

अट-बाशीच्या दवाखान्याची लाइन
मंगळवारी रात्री तिसऱ्यांदा पडली
तेव्हा बुरुलचा-एजेने चहा अर्धाच ठेवला
आणि खिशातून तो काढला:
करंगळीच्या पेराएवढा प्लग,
एकातून चारात, दोनातून पाचात
मागे वळवलेल्या दोन इवल्या तारा.
जे बोलशील तेच ऐकशील,
एवढंच त्याचं काम.

"निर्दोष असेल ते आधी बाजूला काढ, तेमिर.
उरेल त्याची मान धरायची."

पहिली गाठ नारीनमध्येच, आमच्या कार्डाच्या तोंडाशी.
मीटरने एक-शून्यांची लांबलचक ओळ म्हटली
पाढे येणाऱ्या पोरासारखी, न अडखळता,
आणि स्वतःचीच ऐकली.
चुका शून्य.
"आपलं घर स्वच्छ. चल."

जीप. उणे सत्तावीस. खिंडीवरची खोली.
कुलूप गोठलेलं;
एजेने फुंकर मारली, मग लायटर धरला,
शेवटी शिवी दिली, तेव्हा उघडलं.
आत दोन रॅक, एक मेलेला हीटर
आणि भिंतीवर कुणाची तरी पेन्सिल:
घरी जायचंय.

इथूनच नारीनच्या यंत्राला हुकूम, वळव.
वळवलं. शून्य.
अट-बाशीच्या यंत्राला हुकूम, वळव.
सतरा चुका. ब्याण्णव. मग आकडेच पळायला लागले.
एजे हसली, त्या रात्रीत पहिल्यांदा.

मग अंतर चिरत गेलो,
अर्धं, अर्ध्याचं अर्धं.
मनोऱ्याच्या पायथ्याशी प्लग: शून्य.
बारा मीटर वर, केबलच्या शेंड्याला प्लग:
चुकांचा खच.
म्हणजे एवढ्या मोठ्या डोंगरातून
आता फक्त बारा मीटर गुन्हेगार.

चढलो मी. हातमोजा दातात.
कनेक्टरवरची टेप सुटलेली,
आत बर्फाची टिकली, नखाएवढी,
तिने अख्ख्या खोऱ्याचा घसा धरलेला.
नवा कनेक्टर बसवला, प्लग लावला,
खालून एजे ओरडली, "शून्य!"
आणि मी त्या आनंदात
घसरतच खाली आलो.

नारीनला पोचलो तेव्हा उजाडत होतं.
सगळे दिवे हिरवे. चुका शून्य.
मी गरम रोटी आणायला निघालो होतो,
एजेने फोन उचलला.
"अट-बाशी?"
कानात: अट-बाशी?
"मी बुरुलचा बोलतेय."
कानात तीच, तशीच, थोडी दमलेली:
मी बुरुलचा बोलतेय.

मीटरच्या लेखी यापेक्षा निरोगी लाइन नसते.

तिने फोन हळूच ठेवला.
"प्लग कुठाय?"
मी डावा खिसा चाचपला. उजवा.
कोटाचा आतला.
मग कुठलाच चाचपला नाही.

पुन्हा खिंड. वाटभर एजे
एक शब्द बोलली नाही,
चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
पुन्हा बारा मीटर.
ऊन पडलं होतं, दूर कुणाचे तरी याक
बर्फ उकरून गवत शोधत होते,
आणि शेंड्याला तो, इमानेइतबारे,
येणारं सगळं माघारी धाडत बसलेला.
काढला. केबल रेडिओला जोडली.
दोनदा ओढून पाहिली. मग तिसऱ्यांदा.

दहाला वीस कमी असताना
नारीनमध्ये पुन्हा फोन.
"अट-बाशी?"
खरखर.
मग नर्स सायराकुल, श्वास न घेता:
"रात्रभर ओरडतेय मी!
पोराच्या छातीचे फोटो पडून आहेत,
तिकडे माणसं आहेत का भुतं?"

मीटर लावलेला असता
तर त्याने हे सगळं चूक म्हणून मोजलं असतं.
यातलं एक अक्षरही
आम्ही पाठवलेलं नव्हतं.

एजेने कालचा अर्धा चहा, वर साय धरलेला,
एका घोटात संपवला
आणि प्लगसाठी
माझ्यापुढे हात पसरला.